रमजानपूर्वीची साफसफाई : घरातल्याच वस्तूंनी, पण समजून

शाबानचा महिना लागला की आमच्या ईटमध्ये घराघरांत आवराआवर सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गोधड्या उन्हात पडतात, न्हाणीघराच्या भिंती घासल्या जातात. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एक चूक केली. बोअरच्या पाण्याने फरशीवर बसलेला पांढरा थर निघेना, म्हणून संडास धुण्याचे ॲसिड टाकले. त्यानेही पुरेसे निघाले नाही, म्हणून वरून ब्लीचिंग पावडर पसरली. क्षणात डोळे झोंबू लागले, खोकल्याची उबळ थांबेना. सासूबाईंनी हात धरून अंगणात ओढले, म्हणून वाचले. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो, हे मला दवाखान्यात कळले.

त्यानंतर सासूबाई म्हणाल्या, "बेटी, आमच्या वेळी चिंच, राख न् रिठा एवढंच होतं. घर काय घाण राहत होतं का?" तेव्हापासून मी त्यांच्या पद्धती शिकत गेले. कोणती वस्तू का उपयोगी पडते, हे समजले की काम सोपे होते.

पांढरा थर : आपल्या भागातले बोअरचे पाणी जड, म्हणजे क्षारांचे. नळावर, बादलीवर बसणारा थर मुख्यतः चुन्याचा असतो आणि तो आंबट वस्तूने विरघळतो. पांढरा सिरका आणि पाणी समभाग घ्या, त्यात फडके भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळा, मग घासा. सिरका नसेल तर चिंचेचा दाट कोळ चालतो.

मात्र फरशी पाहा : आपल्याकडे अनेक घरांत शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा असतो. हे दोन्ही चुनखडीचे दगड. थर विरघळवणारा लिंबू-सिरका दगडालाही खातो आणि त्याची चकाकी जाते. तिथे रिठ्याचे पाणी किंवा साधे साबणपाणीच वापरा.

रिठ्याचे पाणी : दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पंधरा मिनिटे उकळा, कुस्करून गाळून घ्या. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साका बसतो. रिठ्याचे तसे होत नाही. फरशी, भांडी, लोकरी कपडे यांना हे पाणी चांगले. दोन-तीन दिवसांत संपवा आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबते.

देग आणि पातेली : तांब्याची देग बाहेरून चिंच-मिठाने घासा. आतल्या कलईला चिंच, राख किंवा तारेची घासणी लावू नका. कलई उडाली असेल तर आंबट पदार्थ त्यात शिजवू नका, आधी कलई करून घ्या. शीरखुर्म्याचे दूध स्टीलच्या पातेल्यात करपले तर पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून उकळा, करप सुटते. ॲल्युमिनिअमच्या भांड्याला मात्र सोडा लावू नका, ते काळे पडते. त्यात चिंचेचे पाणी उकळा.

सोडा आणि सिरका एकत्र : बरेच जण दोन्ही मिसळतात. फेस छान येतो, पण एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघे एकमेकांचा जोर संपवतात. एका वेळी एकच वापरा.

गादीवर लहान मुलाने लघवी केली तर : सोडा भुरभुरून ऊन दाखवले की वास जातो. पण वास जाणे वेगळे आणि पाक होणे वेगळे. जानमाज, चादर, गादीचा तो भाग पाण्याने नीट धुऊनच पाक करावा.

घरगुती वस्तूंची मर्यादाही ओळखा. घरात जुलाब-उलट्यांचा आजार असेल तर सिरक्यावर विसंबू नका. संडास आणि मोरीसाठी ब्लीचिंग पावडरच लागते. ती पाण्यात कालवून एकटीच वापरा. तिच्यात ॲसिड नको, सिरका नको, लिंबूही नको. चुकून वायू झालाच तर लगेच मोकळ्या हवेत या, डोळे भरपूर पाण्याने धुवा, दवाखाना गाठा. ॲसिड, फिनेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच ठेवू नका. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. पण घरातल्या बाटलीवर नजर आपणच ठेवायची असते.

शेवटी पाण्याचे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात सफाईसुद्धा हिशेबाने हवी. पैगंबरसाहेब (स.) सुमारे एक मुद, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. रिठ्याचे वापरलेले पाणी अंगणातल्या झाडांना घाला. सोड्याचे घालू नका, त्याने माती खराब होते.

यंदा आमच्या न्हाणीघरात ॲसिडची बाटली नाही. भिंत थोडी कमी चकाकते. पण रमजानच्या पहिल्या सहरीला सगळे घर निरोगी उठेल, इन्शाअल्लाह.