चलच्चित्र कां अडखळतें ?

गेल्या नाताळच्या सुटींत आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं जाण्याचा योग आला. दिवाणखान्यांत मोठा दूरचित्रवाणी संच असून त्यास एक जुना संगणक जोडलेला होता. घरांतील सर्व चित्रपट व गाणीं त्या संगणकांतूनच पडद्यावर येत. त्या दिवशीं मात्र कोणास चित्रपट पाहावयाचा नव्हता. वर्षापूर्वीं निवर्तलेल्या आजीबाईंनीं ओटीवर बसून आपल्या लहानपणाची हकीकत सांगितली होती, व नातवानें ती मोबाईलवर टिपून ठेविली होती. ती सर्व कुटुंबास एकत्र बसून पाहावयाची होती. परंतु पडद्यावर आजीबाईंचा हात उचलला जाई तो मधेंच थांबे. शब्द पुढें जात व ओठ मागें राहत. वडील खिन्न होऊन म्हणाले, "सर, ही फाईलच बिघडली आहे असें दिसतें. एका स्नेह्यानें सांगितलें आहे कीं, ती लहान आकाराची करून घ्यावी व मूळ पुसून टाकावी. नाहीं तर नवा संगणक तरी घ्यावा."

मीं त्यांस म्हटलें, "आपण घाई करूं नका. दोष कोणाचा तें आधीं पाहूं, शिक्षा मागाहून." त्या संध्याकाळीं आम्हीं जो तपास केला तोच येथें क्रमवार सांगतों, कारण ही अडचण पुष्कळ घरीं येते, आणि तपास होण्याच्या आधींच पैसा खर्च होतो.

चलच्चित्र म्हणजे एकामागून एक दाखविलेलीं स्थिर चित्रें होत. अशा एका चित्रास फ्रेम म्हणतात. चित्रपटांत सेकंदास बहुधा २४, आपल्याकडील दूरचित्रवाणींत २५, आणि मोबाईलच्या चित्रणांत बहुधा ३० फ्रेम असतात. म्हणजे मोबाईलच्या एका फ्रेमच्या वांट्यास सेकंदाचा तिसावा भागच येतो. तेवढ्या अवकाशांत ती तयार झाली नाहीं, तर संगणक ती गाळतो किंवा मागचीच धरून ठेवितो. आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांस ठेंच लागल्यासारखें होतें.

हें काम तिघेजण मिळून करितात. लग्नाच्या पंगतीचाच दाखला घ्या. एकजण कोठींतून शिधा आणितो, दुसरा चुलीपाशीं अन्न शिजवितो, तिसरा पानांत वाढतो. पंगत खोळंबली म्हणजे पाहुण्यांस वाढपीच दिसतो व बोल त्यालाच लागतो. पण खोळंबा कोठींतही असेल, चुलीपाशींही असेल. त्याचप्रमाणें फाईल आणून देण्याचें काम डिस्क किंवा वाय-फाय करितें. दाबून भरलेलीं चित्रें उकलण्याचें काम प्रोसेसर अथवा ग्राफिक्सचा भाग करितो. आणि पडदा तीं आपल्यापुढें मांडितो. तपास ह्याच क्रमानें करावा, व एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशानें आला तें कळत नाहीं.

प्रथम आणणारा. येथें शाळेंतलें अंकगणित पुरें होतें. फाईल किती मेगाबाइटची आहे तें पाहून त्या संख्येस ८ नें गुणावें व चित्रणाच्या एकूण सेकंदांनीं भागावें; म्हणजे सेकंदास सरासरी किती मेगाबिट लागतात तें निघतें. आजीबाईंचें चित्रण १२ मिनिटांचें व सुमारें २,००० मेगाबाइटचें होतें. २,००० गुणिले ८ म्हणजे १६,०००. यास ७२० नें भागतां सुमारें २२ मेगाबिट आले. ही फाईल आंतल्या खोलींतील डिस्कवर असून वाय-फायनें दोन भिंती ओलांडून येत होती. असा प्रवाह वाटेंत मंदावूं शकतो. परीक्षा सोपी आहे: फाईलची प्रत संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यावी व ती चालवून पाहावी. अडखळणें थांबलें तर दोष वाटेचा. मग वाय-फाय सोडून तार जोडावी. आम्हीं प्रत उतरविली, तरी आजीबाई अडखळतच होत्या. वाट निर्दोष ठरली.

दुसरा उकलणारा. टिपलेलीं चित्रें जशींच्या तशीं ठेविलीं, तर डिस्क पाहतां पाहतां भरून जाईल; म्हणून तीं ठराविक पद्धतीनें दाबून ठेवितात. ह्या पद्धतीस कोडेक म्हणतात. २००३ सालीं एच.२६४ ही पद्धत प्रसिद्ध झाली, २०१३ सालीं एचईव्हीसी, व २०१८ सालीं एव्ही१. प्रत्येक नवी पद्धत तेंच चित्र कमी जागेंत बसविते, पण उकलण्यास अधिक श्रम मागते. हे श्रम हलके व्हावेत म्हणून संगणकांत त्या त्या पद्धतीसाठीं निराळें यंत्रांग बसविलेलें असतें. तें नसल्यास सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. उदाहरणार्थ, २०१५ सालीं आलेले इंटेलचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर साधें आठ बिटांचें एचईव्हीसी ह्या यंत्रांगानें उकलतात. दहा बिटांच्या, म्हणजे अधिक रंगछटांच्या, प्रकाराची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून झाली.

विंडोजमध्यें कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर उघडतो. चित्रण चालू असतांना त्यांत पाहावें. मुख्य प्रोसेसर शंभर टक्क्यांच्या घरांत, आणि ग्राफिक्सच्या 'व्हिडिओ डिकोड' ह्या आलेखाची रेघ तळाशीं चिकटलेली, असें दिसल्यास चुलीपाशीं एकटाच आचारी घाम गाळीत आहे असें समजावें. आमच्यापुढें नेमकें हेंच उभें राहिलें. चित्रण मोठ्या आकाराचें, दहा बिटांच्या एचईव्हीसीचें होतें. संगणक त्या सहाव्या पिढीचा व बेताच्या शक्तीचा. फाईल बिघडलेली नव्हतीच.

तिसरा मांडणारा, म्हणजे पडदा. आमच्या तपासांत तो निर्दोष होता. तथापि चित्रपट पाहणाऱ्यांस हाच अधिक छळतो. पडदा बहुधा सेकंदास ६० वेळां चित्र नव्यानें उमटवितो. चित्रण ३० फ्रेमचें असल्यास प्रत्येक फ्रेम दोनदां दिसते व चाल सारखी राहते. परंतु ६० ला २४ नें पूर्ण भाग जात नाहीं. म्हणून २४ फ्रेमच्या चित्रपटांत एक फ्रेम दोनदां व पुढली तीनदां, अशी पाळी लावावी लागते. कॅमेरा संथपणें एका बाजूकडून दुसरीकडे फिरूं लागला कीं ही लंगडी चाल डोळ्यांस खुपते. येथें नवा संगणक घेऊन कांहीं उपयोग नाहीं. २४ फ्रेमसाठीं पडद्याची गति २४ व २५ फ्रेमसाठीं ५० ठेवावी. कोडी नांवाच्या मोफत प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्यें ही गति आपोआप जुळविण्याची सोय आहे.

आणखी एक खूण सांगतों. चित्रण प्रारंभीं सुरळीत चालून अर्ध्या तासानें अडखळूं लागल्यास उष्णतेचा संशय घ्यावा. फार तापलेला प्रोसेसर स्वतःस वांचविण्यासाठीं आपली गति कमी करितो. कपाटांत कोंडलेलें यंत्र मोकळ्या जागीं आणावें, व वीज बंद करून पंख्यांतील धूळ काढावी.

आतां आजीबाईंच्या चित्रणाचें काय झालें तें ऐका. दूरचित्रवाणी संच संगणकाहून नवा असल्यामुळें त्याच्यांतच एचईव्हीसी उकलण्याचें यंत्रांग होतें. फाईलची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो संचाच्या पाठीमागें लाविला, आणि आजीबाई बोलूं लागल्या. हात न थांबतां उचलला गेला. शब्द ओठांबरोबर आले. खोलींत कोणी बोललें नाहीं. धाकटी नात मात्र उठून पडद्याजवळ जाऊन बसली. एक पैही खर्च झाली नव्हती.

नंतर हँडब्रेक नांवाच्या मोफत प्रोग्रॅमनें जुन्या संगणकासाठीं एच.२६४ पद्धतीची एक लहान प्रत करून दिली, आणि मूळ फाईल दोन निराळ्या डिस्कवर जपून ठेवावयास सांगितलें. असें रूपांतर करितांना चित्रांतील जे बारकावे जातात, ते पुन्हां कोणास आणतां येत नाहींत. म्हणून लहान प्रत अवश्य करावी, पण मूळ कधींही पुसूं नये. स्नेह्याचा सल्ला त्या दिवशीं मानला असता, तर निर्दोष फाईलीस शिक्षा झाली असती, आणि आजीबाईंचें तें मूळ चित्रण कायमचें गेलें असतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरींही वडील मंडळींच्या आठवणी अशाच जपलेल्या असतील. त्या आपल्या हवालीं केलेल्या ठेवी आहेत, व आपण त्यांचे कारभारी आहों. यंत्र अडखळलें म्हणजे वहींत तीन ओळी लिहा: आणणारा, उकलणारा, मांडणारा, आणि एकेकाची चौकशी करा. पालकांस माझी विनंती एवढीच कीं, ही चौकशी पुरी होईपर्यंत त्यांनीं दुकानाची पायरी चढूं नये.