झाडावरचे दोन छत्रीधारी

उंचावरून उडी घेणारे फक्त आपले पॅराट्रूपर्सच नसतात. दोन छोटे उभयचर प्राणीही हे काम करतात. दोघेही साधारण १० सेंटिमीटर लांब आणि दोघेही झाडावर राहणारे, पण त्यांची पद्धत अगदी वेगळी आहे.

पहिला आपल्या सह्याद्रीतला मलबारी उडता बेडूक. मद्रासच्या सैन्यात डॉक्टर असलेल्या थॉमस जर्डन यांनी १८७० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. माझं गाव आंबोलीजवळ आहे, त्यामुळे पावसाळ्यात तो मला पाहायला मिळतो. अंग हिरवं, बोटांमध्ये केशरी-लाल पडदे. उडी घेताना तो बोटं फाकवतो, पडदे ताणले जातात, हवा अडते आणि तो तिरका तरंगत ९ ते १२ मीटर जातो. म्हणजे त्याचं पॅराशूट अंगावरच असतं!

दुसरा अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रेडवुड वृक्षांवरचा भटका सॅलमँडर. दिसतो पालीसारखा, पण अंगावर खवले नाहीत आणि बोटांत असे पडदेही नाहीत. तरी तो ८० मीटरहून उंच फांद्यांवर राहतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शास्त्रज्ञांनी त्याला खालून वर वारा वाहणाऱ्या विंड टनेलमध्ये सोडलं. त्याने पोट खाली ठेवून चारही पाय पसरले आणि शेपूट व पाय हलवून दिशा बदलली. फ्रीफॉलमधला जवान असाच दिसतो. त्याचा पडण्याचा वेग १० टक्क्यांपर्यंत कमी झाला. हे थोडं वाटेल, पण त्यामुळे त्याला खोडाकडे वळता येतं. नाहीतर पुन्हा पंचवीस मजले चढायचे!

बेडकाला फुप्फुसं आहेत. सॅलमँडरला ती नाहीतच; तो ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेतो. त्वचा सुकली की श्वास बंद. म्हणून तो फांद्यांवर वाढलेल्या नेच्यांच्या ओल्या गाद्यांमध्ये राहतो. बेडूक पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत फेसाचं घरटं करतो आणि त्याची पिल्लं खाली पाण्यात पडतात. सॅलमँडरच्या अंड्यातून थेट छोटा सॅलमँडर बाहेर येतो, त्याला डबकं लागत नाही.

म्हणजे एकाला झाड आणि डबकं दोन्ही हवं, तर दुसऱ्याला जुनं, ओलसर, उंच झाड. जुन्या रेडवुड जंगलांपैकी आज सुमारे ५ टक्केच उरली आहेत. पॅराशूट चांगलं असेल, ड्रिल पक्की असेल, पण ड्रॉप झोनच राहिला नाही तर उतरायचं कुठे?