आधी टेस्टर, मग ड्रिल

मार्च अर्ध्यावर आला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतो. जुन्या ताट्या उपटायच्या, टाकीतला गंज खरवडायचा, रंगाचा एक हात द्यायचा, पंप चालतो का ते पाहायचं, पंख्याच्या बुशात तेल सोडायचं. इतरत्र घरच्या घरी दुरुस्ती हा हौशीचा विषय असेल, इथे तो ऋतुमानाचा आहे. २३ मे २०१३ रोजी ज्या गावात पारा ४७.९ अंशांवर गेला, तिथे नवतप्यात बंद पडलेला कूलर उद्यावर टाकता येत नाही, आणि नेमका तेव्हाच मिस्त्री चार दिवसांनंतरची वेळ देतो. म्हणून घरात कोणती हत्यारं असावीत हा प्रश्न नागपुरात विचारला, तर उत्तर कूलरकडे पाहून द्यावं लागतं. बाजार मात्र ते नगांवर देतो. शंभराच्या वर नगांची चकचकीत पेटी, त्यात ड्रिल, आणि ड्रिलच्या टोकाला बसणारे पन्नास बिट. या पेटीत ठोकणारं, पिळणारं, भोकं पाडणारं सगळं असतं. तपासणारं बहुधा एकच असतं, ते म्हणजे मोजपट्टी. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे. घरातलं पहिलं हत्यार तपासणारं हवं, दुसरं नेमकं बसणारं, आणि विजेवर चालणारं सगळ्यांत शेवटी.

कारण साधं आहे. घरगुती दुरुस्तीत ताकद क्वचितच कमी पडते, कमी पडतं ते निदान. कूलरचा पंखा हळू फिरतोय, हीच तक्रार घ्या. मोटार गेली असं घरात ठरतं, मोटार काढून रिवाइंडिंगला जाते आणि काही शे रुपये खर्चून परत येते. पण पंखा मंदावण्याची नेहमीची कारणं तीन, आणि ती तिन्ही मोटार न काढता ओळखता येतात. प्लग काढून पातं हाताने फिरवून पाहावं. ते सहज दोन-चार गिरक्या घेत नसेल तर बुश कोरडं पडलंय, शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब पुरतात. पातं मोकळं फिरतं, पण बटण दाबल्यावर मोटार नुसती घुमते आणि काडीने ढकललं की चालू लागते, तर दोष बहुतेक कंडेन्सरचा. त्याच्या डब्यावर क्षमता मायक्रोफॅरडमध्ये छापलेली असते, छताच्या पंख्याला साधारण २.५, कूलरच्या मोटारीला त्याहून थोडी जास्त. कपॅसिटन्स मोजणारा साधा मल्टिमीटर लावला की छापील आकडा आणि खरा आकडा यांतला फरक दिसतो. (मोजण्याआधी प्लग काढून कंडेन्सर डिस्चार्ज करायला हवा, नाहीतर तो झटका देतो आणि मीटरही बिघडवतो.) हा भाग शंभराच्या आतबाहेर मिळतो. तिसरं कारण घरात नसतंच. मेच्या संध्याकाळी साऱ्या वस्तीचे कूलर आणि एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज उतरतं. अशा मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे व्होल्टेज दहा टक्के पडलं तर जोर एकोणीस टक्क्यांनी कमी होतो. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळत असताना मोटार बदलून काय होणार? त्या ठिकाणी शंभर नगांच्या पेटीतलं एकही हत्यार कामाचं नाही.

निदानाचं दुसरं कारण पैशांचं नाही, जिवाचं आहे. कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळते, आणि महावितरणला दर वर्षी त्याच सूचना पुन्हा काढाव्या लागतात: तीन पिनचा प्लग वापरा, अर्थिंग तपासा, पाणी भरण्याआधी प्लग काढा. पत्र्याची टाकी, आत पाणी, पत्र्याच्या धारेवर घासणारी वायर, ओलाव्याने कमजोर झालेलं मोटारीचं इन्सुलेशन, आणि समोर पाइप धरून ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलेलं माणूस. अपघाताची सगळी सामग्री एका जागी जमलेली असते. अर्थिंग शाबूत असेल तर पत्र्यात उतरलेला करंट वाट काढून जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेलं असेल, किंवा बोर्डात बसत नाही म्हणून कोणी तिसरी पिन मोडून टाकली असेल, तर पत्रा २३० व्होल्टवर वाट पाहत राहतो. घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एक हिशोब करावा. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरला, तर शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. तो हृदयाची लय बिघडवायला पुरेसा आहे. पण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो सत्तरावा हिस्सा, म्हणजे काहीच नाही. एमसीबी वायर वाचवते. माणूस वाचवते ती आरसीसीबी, जी जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या एक-तृतीयांशाच्या आत वीज तोडते. ती पेटीतलं हत्यार नव्हे, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने बसवायची वस्तू आहे. पण ड्रिल की आरसीसीबी असा प्रश्न पैशांमुळे आला, तर ड्रिल पुढच्या वर्षी घ्यावं. फायबरच्या कूलरला शॉकचा धोका नाही ही समजूतही सोडून द्यावी. बॉडी प्लास्टिकची असली तरी टाकीतलं पाणी प्लास्टिकचं नसतं, आणि पंप त्याच पाण्यात बुडालेला असतो.

तपासणाऱ्या हत्यारांत पहिला मान अर्थात खिशात मावणाऱ्या टेस्टरचा. तो स्वस्त आहे, पण त्याच्यावर आंधळा विश्वास टाकणारे बरेच असतात. टेस्टरमधला निऑनचा दिवा पेटतो तो आपल्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी नाममात्र प्रवाहावर. आत मोठा रोध असल्याने तो जाणवत नाही. म्हणून लाकडी स्टुलावर, रबरी चपलेत उभं राहून पाहिलं तर वीज असतानाही उजेड मंद दिसतो, आणि नागपूरच्या दुपारी गच्चीवर तर तो दिसतच नाही. टेस्टर पेटला नाही याचा अर्थ वीज नाही असा घेणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. नक्की चालू असलेल्या पॉइंटवर तो आधी लावून पाहायचा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा त्या चालू पॉइंटवर, आणि तरीही हात लावण्याआधी प्लग काढायचाच. मापणाऱ्यालाही मापावं लागतं, याचा धडा या शहराने मे २०२४ मध्ये घेतला. इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, ते देशभर गाजलं, आणि मग सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याला सांगावं लागलं.

टेस्टर अर्थिंगबद्दल फारसं सांगत नाही, ते काम मल्टिमीटरचं. कूलरचा प्लग सॉकेटमधून काढून मीटर बीपवर ठेवायचा, एक टोक प्लगच्या जाड पिनला आणि दुसरं टाकीच्या पत्र्याला, रंग थोडा खरवडून. बीप वाजली तर पिनपासून पत्र्यापर्यंतची अर्थची वायर सलग आहे. मग पत्र्यावरचं टोक तसंच ठेवून पहिलं टोक उरलेल्या दोन पिनांना लावायचं. इथे बीप वाजता कामा नये. वाजली तर कूलर मिस्त्रीकडे, दुसरा विचार नाही. या चाचणीची मर्यादाही लक्षात असावी. मीटर तपासतो तो दोन-चार व्होल्टवर, त्यामुळे २३० व्होल्टला फुटणारं अर्धवट इन्सुलेशन त्याला सापडेलच असं नाही. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडे ५०० व्होल्टचा मेगर असतो. शिवाय ही तपासणी कूलरची झाली, भिंतीतल्या सॉकेटची नव्हे. आणि मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात असताना व्होल्टेज मोजायला गेलात तर तो थेट शॉर्ट होतो. ज्याला ही दोन भोकं वेगळी ओळखता येत नाहीत, त्याने मल्टिमीटर चालू सॉकेटमध्ये घालू नये.

यानंतर हाताची हत्यारं. इथेही संख्येपेक्षा बसण्याला महत्त्व आहे. कूलरचे नट दर वर्षी गंजतात, आणि दर वर्षी कोणीतरी ते पक्कडने पिळतं. पक्कड नटाच्या सहा कडांपैकी दोनच धरते, त्याही तिरक्या. कडा झिजतात, नट गोल होतो आणि मग छिन्नी-हातोडीशिवाय गत्यंतर राहत नाही. ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० नंबरचा पाना आणि ८ च्या बोल्टला १३ चा, एवढे दोन रिंगपाने असले आणि आदल्या रात्री गंजावर तेल सोडून ठेवलं, तर निम्मं भांडण मिटतं. फुलीच्या स्क्रूड्रायव्हरचंही तसंच. घरातल्या बहुतेक स्क्रूंना २ नंबरचं टोक लागतं. १ नंबरचं त्यात फिरतं खरं, पण फुली खाऊन टाकतं. बाकी पक्कड, हातोडी, कानस, पाणसळ, चांगली मोजपट्टी, नळासाठी पाइपपाना आणि टेफ्लॉन टेप. हे सगळं इतवारीतल्या लोहा ओळीत सुटं मिळतं. सुटं घेताना पान्याचं तोंड बोल्टवर बसवून पाहता येतं, पेटीत ती सोय नसते. पाणसळ अनेकांना चैन वाटते. पण स्टँड एका बाजूला कलला की एकीकडची ताटी कोरडी राहते, आणि कोरड्या ताटीतून येते ती गरम हवा. कूलर गारवा देतो तो पाण्याची वाफ होताना: एक लिटर पाणी हवेतून जवळपास ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता ओढून घेतं. ताटी जिथे भिजत नाही तिथे हा व्यवहार होतच नाही.

आता ड्रिल. ते निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पडद्याचा रॉड, फळी, गिझरचे हुक, सगळ्याला भोक लागतं, आणि ५००-६०० वॉटचं, १३ मिलिमीटर चकचं, हॅमरची सोय असलेलं वायरवालं ड्रिल घरगुती कामाला भरपूर झालं. बॅटरीवालं हाताळायला सुटसुटीत, पण स्लॅबच्या काँक्रीटपुढे छोटं मॉडेल दमतं, आणि लिथियम बॅटरी मे महिन्यात बंद कारमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवली तर तिचं आयुष्य घटतं. खरी अडचण ड्रिलची नसून भिंतीची आहे. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत भिंती लाल विटेच्या. कोराडी आणि खापरखेडा इथली औष्णिक केंद्रं जवळ असल्याने नव्या बांधकामात राखेच्या विटा आणि हलके एएसी ब्लॉक खूप दिसतात. लाल विटेला हॅमर चालतो. त्याच हॅमरने एएसी ब्लॉकमध्ये ६ चं भोक पाडायला गेलं तर ते ८ चं होतं, गिट्टी आत फिरते आणि फळी महिन्याभरात लोंबू लागते. म्हणून बिट आत जाताच बाहेर पडणारी भुकटी पाहावी. लाल असेल तर वीट. करडी आणि बिट अडत असेल तर काँक्रीट, तिथे रेटू नये, सळई असू शकते. करडी-पांढरी आणि बिट लोण्यासारखं जात असेल तर ब्लॉक, हॅमर बंद करावा. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत तर भोक पाडूच नये, कारण वायरचे पाइप बहुधा त्याच रेषांत जातात. ड्रिललाही आधी तपासणी लागते, ती अशी. ग्राइंडर मात्र मी घरगुती यादीतून सरळ काढून टाकतो. मिनिटाला अकरा हजार फेरे घेणारी चकती वर्षातून एकदा खिडकीचा गज कापण्यासाठी घरात पाळायची गरज नाही. ते काम फॅब्रिकेशनवाल्याला द्यावं. वाचलेल्या पैशांत चांगली शिडी येते, आणि खुर्चीवर स्टूल चढवणं बंद होतं.

यावर एक आक्षेप ठरलेला: मिस्त्री असताना हा उपद्व्याप कशाला, उगाच कोणाच्या पोटावर पाय? पण ताट्या बदलणं, तेल सोडणं, नट आवळणं यांवर कोणाचा संसार चालत नाही. मोटार रिवाइंड करणं, घराचं वायरिंग, आरसीसीबी ही कामं त्याचीच राहतात, आणि कायमचं वायरिंग परवानाधारकाकडूनच करून घ्यायचं असा नियमही आहे. उलट “कंडेन्सर मोजला, ठीक आहे, बुश जाम आहे” असं सांगणारं गिऱ्हाईक मिस्त्रीचाही वेळ वाचवतं, आणि मोटार बदला असं कोणी घाईने म्हटलं तर त्याला प्रश्न विचारू शकतं. अर्धवट ज्ञान घातक, हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मात्र तो ड्रिल आणि ग्राइंडरला जितका लागू होतो तितका तपासणीला नाही. प्लग काढून केलेल्या बीपच्या चाचणीत कोणाला इजा होत नाही; न केल्याने होते. दुपारी कूलरमध्ये पाणी भरतं ते घरात असलेलं माणूस, म्हणजे बहुतेक घरांत बाई किंवा शाळेला सुट्टी लागलेलं पोर, आणि टेस्टर असतो घरच्या पुरुषाच्या कपाटात. शेजारच्या वर्ध्यात १९३७ च्या परिषदेत हातकामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याची चर्चा झाली होती. आपल्या शाळांच्या कार्यानुभवात त्यातून कागदी फुलं उरली. सातवीच्या मुलीला तीन पिनचा प्लग उघडून हिरवी वायर कुठे जाते ते दाखवायला अर्धा तास लागतो.

राहिला तिसरा आक्षेप, की कूलर आता चालले, एसी आला. एसीची बाहेरची पेटी घरच्या माणसाने उघडू नये, तिच्यातला कंडेन्सर पंख्याच्या दहापट-वीसपट क्षमतेचा असतो. पण तिथेही घरच्याने करायची कामं तपासणीचीच आहेत: फिल्टर धुणं, एसी अधूनमधून बंद होत असेल तर संध्याकाळचं व्होल्टेज मोजणं, आणि महिन्यातून एकदा मेन बंद करून १६ अँपिअरचा प्लग बाहेर काढून पाहणं. पिनेच्या बुडाशी तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर पिन घासून प्लग परत खोचायचा नाही. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलून घ्यायचे, कारण सैल झालेलं सॉकेट नव्या प्लगलाही तसंच जाळतं.