उत्तर कारेलिया प्रकल्प

उत्तर कारेलिया प्रकल्प हा फिनलंडच्या पूर्व सीमेवरील उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ ते १९९७ या काळात राबविण्यात आलेला सार्वजनिक आरोग्य कार्यक्रम होय. हृदयविकाराने होणारे अकाली मृत्यू कमी करणे हा त्याचा मूळ हेतू होता. दीर्घकालीन असंसर्गजन्य आजारांचा प्रतिबंध रुग्णालयापुरता मर्यादित न ठेवता संपूर्ण लोकसमूहाच्या पातळीवर करण्याच्या जगातील आरंभीच्या प्रयत्नांमध्ये त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात फिनलंडमधील पुरुषांचा हृद्‌रोहिणी विकाराने (हृदयाला रक्तपुरवठा करणाऱ्या रोहिण्यांच्या विकाराने) होणारा मृत्युदर जगात सर्वाधिक होता. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या 'सात देश अभ्यासा'त पूर्व फिनलंडमधील पुरुषांमध्ये या विकाराचे प्रमाण विशेष जास्त आढळले. उत्तर कारेलिया हा सुमारे १,८०,००० लोकवस्तीचा, जंगले व सरोवरांनी व्यापलेला प्रांत होता. लाकूडतोड आणि दुग्धव्यवसाय ही तेथील उपजीविकेची प्रमुख साधने होती. जंगलात कष्टाची कामे करणारे, वरकरणी धडधाकट दिसणारे पुरुष ऐन कर्त्या वयात दगावत असत.

जानेवारी १९७१ मध्ये प्रांताचे राज्यपाल, संसद सदस्य आणि स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी यांनी एकत्र येऊन शासनाकडे मदतीची मागणी करणारे निवेदन दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांशी विचारविनिमय करून आराखडा तयार झाला आणि १९७२ मध्ये प्रकल्पास आरंभ झाला. त्याची सूत्रे पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरकडे सोपविण्यात आली. ते प्रकल्पाच्या अखेरपर्यंत प्रमुख होते.

आखणी

१९७२ मधील पाहणीत तीन जोखीम घटक ठळकपणे दिसून आले : धूम्रपान, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि उच्च रक्तदाब. निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करीत. पुरुषांमधील कोलेस्टेरॉलची सरासरी प्रतिलिटर सुमारे ६.९ मिलिमोल होती. सुमारे ९० टक्के लोक पावाला लोणी लावून खात. आहारात मलईयुक्त दूध, चरबीयुक्त मांस व मीठ भरपूर, तर भाज्या व फळे कमी होती.

अतिधोक्याच्या व्यक्ती शोधून केवळ त्यांच्यावर उपचार करण्याचा मार्ग प्रकल्पाने पुरेसा मानला नाही. जेथे जवळपास सर्वांचेच कोलेस्टेरॉल वाढलेले असते, तेथे बहुतेक मृत्यू मध्यम धोका असलेल्या लोकांमध्ये घडतात, कारण त्यांची संख्या फार मोठी असते. त्यामुळे सर्वांचा धोका थोडा कमी झाला, तरी मृत्यूंच्या संख्येत मोठी घट होऊ शकते. ब्रिटिश रोगपरिस्थितिशास्त्रज्ञ जेफ्री रोझ यांनी पुढे १९८५ मधील लेखात या विचाराची सैद्धांतिक मांडणी केली.

कार्यपद्धती

१९७२ मध्ये अमलात आलेल्या कायद्यानुसार फिनलंडमध्ये नगरपालिकांची आरोग्य केंद्रे उभी राहत होती. प्रकल्पाने त्यांचा आधार घेतला. परिचारिकांना रक्तदाब तपासण्याचे व सल्ला देण्याचे काम देण्यात आले आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची नोंदवही ठेवण्यात आली. गावोगावच्या प्रतिष्ठित व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत संदेश पोहोचविला गेला. १९७८ पासून धूम्रपान सोडण्यास साहाय्य करणारे कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दाखविले गेले.

आहारातील बदलात 'मार्था' या जुन्या गृहिणी संघटनेचा मोठा वाटा होता. तिच्या सदस्यांनी गावांत मेळावे भरवून पारंपरिक कारेलियन मांसरस्सा कमी चरबी व अधिक भाज्या घालून शिजवून दाखविला. ओळखीची चव टिकवून पाककृती बदलल्याने लोकांनी ती स्वीकारणे सुकर झाले. स्थानिक उत्पादकांशीही बोलणी झाली. कमी चरबीची सॉसेजे आणि कमी स्निग्धांशाचे दूध बाजारात आले.

या बदलाची आर्थिक झळ दूध उत्पादकांना बसणार होती, कारण लोणी हे प्रांताच्या उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन होते. म्हणून १९८० च्या दशकात शेतकऱ्यांना बेरीवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळविण्यासाठी स्वतंत्र उपक्रम हाती घेण्यात आला. थंड हवामानात तगणाऱ्या, मोहरीच्या कुळातील तेलबियांपासून काढलेल्या तेलाचा वापरही वाढला.

कायद्याची जोडही मिळाली. १९७६ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घातली आणि अल्पवयीनांना होणारी विक्री व सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान यांवर निर्बंध आणले. पहिल्या पाच वर्षांच्या अनुभवानंतर प्रकल्पातील उपाय देशभर नेण्यात आले.

परिणाम

३५ ते ६४ वयोगटातील पुरुषांचा हृद्‌रोहिणी विकारामुळे होणारा मृत्युदर उत्तर कारेलियात २००६ पर्यंत सुमारे ८५ टक्क्यांनी, तर संपूर्ण फिनलंडमध्ये सुमारे ८० टक्क्यांनी घटला. फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे पुरुषांचे मृत्यूही कमी झाले. १९७२ ते २००७ या काळात प्रांतातील पुरुषांमधील धूम्रपानाचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आणि सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे ५.४ मिलिमोलपर्यंत खाली आले.

मर्यादा व चर्चा

प्रकल्पाचे नेमके श्रेय किती, हा वादाचा विषय आहे. तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मृत्युदर घटला. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि राष्ट्रीय कायदे यांचा प्रभाव प्रांताच्या सीमेपाशी थांबत नसल्याने दोन्ही प्रांतांतील फरक काळाबरोबर पुसट होत गेला. उपचारपद्धतीही याच काळात सुधारल्या. चाळीस वर्षांच्या आकडेवारीच्या विश्लेषणानुसार मृत्युदरातील सुमारे दोन-तृतीयांश घट ही तीन मुख्य जोखीम घटकांमधील बदलांमुळे झाली.

सर्वच बाबतींत सुधारणा झाली असेही नाही. लोकांचे सरासरी वजन वाढले आणि २००७ ते २०१२ दरम्यान फिनलंडमधील कोलेस्टेरॉलची पातळी पुन्हा किंचित वाढल्याचे आढळले. मिळविलेले यश सातत्याने प्रयत्न न केल्यास टिकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

महत्त्व

हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह व कर्करोग यांचा समाजातील भार बराचसा अन्न, तंबाखू आणि सभोवतालची परिस्थिती यांवर अवलंबून असतो. व्यक्तीला उपदेश करण्याबरोबरच बाजारात मिळणारे पदार्थ, किमती, कायदे व प्राथमिक आरोग्यसेवा बदलल्यास हा भार एका पिढीत कमी करता येतो, याचे उदाहरण म्हणून हा प्रकल्प सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांत अभ्यासला जातो. पुस्का यांनी नंतर जागतिक आरोग्य संघटनेत असंसर्गजन्य रोग प्रतिबंध विभागाचे संचालकपदही भूषविले.