राजा आज की मेल्यावर?

पुसदला आमच्या कॉलेजात बौद्ध विद्यार्थी विचारतात, "सर, ख्रिस्ती लोक येशूला राजा म्हणतात. मग त्याचे राज्य आहे कुठे?" प्रश्न रास्त आहे.

श्रद्धा अशी की, क्रुसावर मारलेला येशू पुन्हा उठला, देवाच्या उजवीकडे बसला आणि तेव्हापासून राज्य करतो आहे. त्या राज्याची पूर्णता पुढे व्हायची आहे. सत्ता मात्र आजची. म्हणून तर थेस्सलनीकात पौल व त्याच्या सोबत्यांवर आरोप झाला की, हे कैसराखेरीज दुसराच राजा मानतात. ही श्रद्धा तेव्हा राजद्रोह ठरली होती, हे आजचे पाद्री सहसा सांगत नाहीत.

१८९५ साली ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही त्यात जागा होती. शब्द नेमका आहे. राजा हजर असेल तरच दरबार भरतो.

पण या दरबारात आपला माणूस बसतो कुठे? तमिळनाडूत कित्येक गावी दलित ख्रिस्ती बांधवांची दफनभूमीसुद्धा वेगळी. बाबासाहेबांचा आक्षेप आणखी खोल होता: अस्पृश्याच्या दुःखाचे मूळ समाजाच्या अन्यायात न दाखवता पापात दाखवले, की धर्मांतरिताची लढण्याची ऊर्मीच मरते. राज्य मरणापलीकडे ढकलले की नेमके हेच होते. राजा आजचा मानला, तर वेगळी दफनभूमी हे त्याच्याविरुद्ध उघड बंड ठरते, आणि ते चर्चच्या आवारातच चालू आहे.

सरकारचा न्याय निराळाच. १९५०च्या आदेशातील अनुसूचित जातींत शीख १९५६ साली आले, बौद्ध १९९० साली. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहे.