डेलावेअरकाठचा पाहुणचार

फिलाडेल्फियाच्या उत्तरेला, डेलावेअर नदीच्या पश्चिम काठानं पसरलेली बक्स काउंटी ही पेनसिल्व्हेनियातल्या पहिल्या तीन काउंट्यांपैकी एक. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन यानं ती १६८२ मध्ये आखली. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत भारतातून आईवडील आले, की नायगारा आणि न्यूयॉर्क उरकल्यावर एखाद्या शनिवारी त्यांना घेऊन जायची ही जागा. एडिसनहून गाडीनं तासाभराचं अंतर. न्यू होपच्या गल्ल्यांतून भटकायचं, पुलावरून चालत पलीकडच्या लँबर्टव्हिलला जाऊन यायचं, परतताना पेडलर्स व्हिलेजमध्ये थांबायचं. दिवस मजेत जातो, काउंटी मात्र पाहायची राहून जाते.

गेल्या सव्वाशे वर्षांत या काउंटीनं पाहुण्यांपुढे काय काय ठेवलं, ते ओळीनं पाहिलं की जाणवतं, इथल्या माणसांनी दर वेळी जे हातातून निसटत होतं तेच जपायला घेतलं. म्हणून इथल्या जागा ज्या क्रमानं वाचवल्या गेल्या त्या क्रमानं पाहाव्यात, असं माझं मत आहे. तो क्रम लावायचा तर सुरुवात डॉइल्सटाउनपासून करावी लागते.

हेन्री चॅपमन मर्सर (१८५६–१९३०) हा डॉइल्सटाउनचाच. हार्वर्डला शिकला, पुढे पुरातत्त्वात रमला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात त्यानं काम केलं. १८९७ मध्ये शेकोटीसाठी जुना चिमटा शोधत तो एका भंगारवाल्याकडे गेला. तिथं चरखे, जवसाचा धागा सोडवायची लाकडी यंत्रं, दोर वळायची साधनं, गवताची मधपेटी असा ढीग पडला होता. कारखान्यांचा माल स्वस्त झाला तशी माणसांनी घरातून बाहेर काढलेली ही अवजारं. जमीन खणून हजारो वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं शोधणाऱ्या मर्सरला कळलं, की कालपरवापर्यंत वापरात असलेली ही हत्यारं आत्ताच उचलली नाहीत तर पुढे खणूनही मिळणार नाहीत. त्या दिवसापासून तो ती गोळा करत सुटला.

त्यांच्यासाठी त्यानं १९१३ ते १९१६ या काळात काँक्रीटची उंच इमारत उभी केली. काँक्रीटचीच का, त्यालाही कारण आहे. त्याच्या मावशीनं जमवलेली मध्ययुगीन चिलखतं १८७२ च्या बॉस्टनच्या आगीत गेली होती. आगीची धास्ती त्यानं कायमची घेतली. आठ-दहा मजूर, ओझी वर ओढायला ल्यूसी नावाची घोडी आणि मर्सर स्वतः, एवढ्यांनी हे काम केलं. आत गेल्यावर मधला चौक थेट छपरापर्यंत मोकळा आहे आणि त्या पोकळीत सामान टांगलेलं आहे: देवमाशांच्या शिकारीची अख्खी होडी, कोनेस्टोगा वॅगन, बर्फावरच्या घसरगाड्या, पाळणे, खुर्च्या, पिंपं, टोपल्या. चौकाभोवती फिरत वर चढायचं, आणि वाटेत एकेका धंद्याची एकेक खोली लागते. टोपीवाला, घड्याळजी, चांभार, शिंगाच्या फण्या करणारा. काचेमागे त्या धंद्याची हत्यारं मांडलेली.

गावाकडून आलेल्या वडीलधाऱ्यांना इथं न कंटाळता रेंगाळताना मी पाहिलं आहे. रंधा, पटाशी, सामता, भाता, चरखा. पाटी न वाचता ते वस्तू ओळखतात आणि ती कशी धरायची ते नातवंडांना हवेत हात फिरवून दाखवतात. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही संग्रहालयात त्यांना एवढं बोलतं झालेलं मी पाहिलेलं नाही.

मर्सरचं राहतं घर, फाँटहिल, तिथून जवळच आहे. १९०८ ते १९१२ मध्ये बांधलेलं, चव्वेचाळीस खोल्यांचं, तेही काँक्रीटचं. एका जिन्यावर त्याच्या रोलो नावाच्या कुत्र्याच्या पावलांचे ठसे ओल्या काँक्रीटमध्ये उमटले ते तसेच आहेत. शेजारी त्याचा टाइल्सचा कारखाना. राज्याची राजधानी हॅरिसबर्ग, तिथल्या विधिमंडळाच्या फरशीत बसवलेली शेकडो मोझेक चित्रं मर्सरच्या हातची. कारखाना आता काउंटीच्या मालकीचा आहे आणि मर्सरच्याच पद्धतीनं इथं अजून माती साच्यात दाबली जाते, टाइल्स भट्टीत भाजल्या जातात. वेळ एकाच जागेला असेल, तर ती जागा डॉइल्सटाउन.

संग्रहालय उभं राहिलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, राज्यानं नदीकाठची जमीन वॉशिंग्टन क्रॉसिंगच्या बागेसाठी राखली. २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टननं सुमारे २,४०० सैनिकांसह इथूनच डेलावेअर ओलांडली आणि सकाळी ट्रेंटनमधल्या, ब्रिटिशांच्या बाजूनं लढणाऱ्या जर्मन हेसियन तुकडीवर छापा घातला. ते कसे पार झाले, हे समजून घ्यायला काठावर यावंच लागतं. लॉइट्झनं १८५१ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध चित्रात वॉशिंग्टन एका लहानशा नावेत उभा आहे आणि मागे तारे-पट्ट्यांचा झेंडा आहे. तो झेंडा तेव्हा ठरलेलाही नव्हता, तो १७७७ च्या जूनमधला. नावा होत्या डरहॅम बोटी, चाळीस ते साठ फूट लांब, सपाट तळाच्या. याच काउंटीच्या उत्तर टोकाला डरहॅमला लोखंडाची भट्टी होती. तिथला माल वाहायला या नावा वापरात होत्या. एरवी लोखंड आणि धान्य वाहणाऱ्या त्या नावांनी त्या रात्री माणसं वाहिली. वल्ही होती मॅसॅच्युसेट्सच्या मार्बलहेडमधल्या खलाशी-सैनिकांच्या हातात.

सेंट जॉन टेरेल या नाट्यनिर्मात्यानं १९५३ मध्ये नाताळच्या दिवशी हा प्रसंग पुन्हा नदीवर आणला आणि ती प्रथा रुजली. तसल्याच आकाराच्या नावा, हौशी माणसं, निळे कोट, काठावर थंडीत कुडकुडणारी गर्दी. नदीला पाणी चढलेलं असेल किंवा वारा असेल, तर नावा सोडत नाहीत. लांबून आलेले हिरमुसतात, पण मूळ रात्री काय जिवावरचं धाडस होतं, ते नदीकडे पाहून त्याच दिवशी नीट उमगतं. २०२६ च्या डिसेंबरात त्या रात्रीला अडीचशे वर्षं पुरी होतात.

बाग राखल्यानंतर हातचा गेला तो कालवा. १८३२ पासून ईस्टन ते ब्रिस्टल अशा साठ मैलांच्या डेलावेअर कालव्यातून खेचरांनी ओढलेल्या नावांनी कोळसा वाहिला. शेवटची मालनाव १९३१ मध्ये गेली. खेचरं चालायची ती काठाची वाट आज पायी आणि सायकलनं फिरायला मोकळी आहे, आणि फुकटात मिळणारं यापेक्षा चांगलं काही काउंटीत नाही. पर्यटकांसाठी न्यू होपला खेचरांची नाव पुढे बरीच वर्षं चालली. २००४, २००५ आणि २००६ असे लागोपाठ तीन पूर आले, कालव्याचे काठ फुटले आणि तीही थांबली.

कालव्याचा धंदा बसत चालला तसे पडक्या गिरण्या आणि स्वस्त शेतघरं शोधत चित्रकार आले. विल्यम लॅथ्रॉप १८९८ मध्ये आला, मग रेडफिल्ड, गार्बर. त्यांच्यामागून नाटकवाले. न्यू होपच्या जुन्या पिठाच्या गिरणीत १९३९ मध्ये बक्स काउंटी प्लेहाउस सुरू झालं, ते अजून चालू आहे. चित्रं पाहायची तर डॉइल्सटाउनच्या जुन्या तुरुंगात जावं. १८८४ च्या त्या दगडी भिंतींच्या आत १९८८ मध्ये मिचनर कला संग्रहालय उघडलं. गार्बरचं १९२६ मधलं प्रचंड भित्तिचित्र तिथं आहे. त्यातली झाडी आणि पाणी पाहून नदीकाठी गेलात, तर तोच उजेड दिसतो.

१९३९ मध्येच पेन्सबरी मॅनरही लोकांसाठी खुलं झालं. विल्यम पेनचं हे नदीकाठचं घर कधीच पडून गेलं होतं. १९३० च्या दशकात पाया खणून त्यावर ते नव्यानं बांधलं. बाग आणि स्वयंपाकघर बघण्यासारखं आहे. पण पाहुण्याला तिथं आणखी दोन गोष्टी माहीत हव्यात. शांततेचा पुरस्कार करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा पेन या घरात गुलाम राबवत होता. आणि त्यानं इथल्या मूळच्या लेनापे लोकांशी जे सामोपचारानं ठेवलं, ते त्याच्या मुलांनी मोडलं. १७३७ च्या सप्टेंबरात, एक माणूस दीड दिवसात चालून जाईल तेवढी जमीन असा जुना करार पुढे करून त्यांनी तरबेज चालणारे नेमले, वाट आधीच साफ करून ठेवली आणि सुमारे बारा लाख एकर जमीन घशात घातली. चाल सुरू झाली ती राइट्सटाउनच्या क्वेकर प्रार्थनागृहापासून, तिथं खुणेचा दगड आहे. लेनापे पश्चिमेकडे ढकलले गेले. त्यांचे बरेचसे वंशज आज ओक्लाहोमात आहेत. हा दगड बघायला पाच मिनिटं पुरतात, आणि पेन्सबरीला जाणाऱ्यानं ती पाच मिनिटं काढायलाच हवीत.

पेडलर्स व्हिलेज १९६२ चं, सिसमी प्लेस १९८० चं. पहिलं जुन्या खेड्यासारखं रचलेलं नवं बाजारगाव, दुसरं लहान मुलांचं उद्यान. मुलं बरोबर असली तर दोन्ही ठिकाणं उपयोगी.

छपराचे लाकडी पूल मात्र पाहावेत, काउंटीत बारा उरले आहेत. पर्केसीचा १८३२ चा पूल मोडायला निघाला होता, तो उचलून बागेत नेला. त्याच्यावरची जुनी पाटी सांगे: चालीपेक्षा जोरात घोडा हाकला किंवा वर सिगार ओढला, तर पाच डॉलर दंड. टायलर स्टेट पार्कमधला शोफील्ड फोर्ड पूल १९९१ मध्ये जळाला. गावकऱ्यांनी पैसे आणि हात दोन्ही दिले आणि १९९७ मध्ये तो त्याच पद्धतीनं पुन्हा बांधला.

न्यू होपजवळ जॉर्ज नाकाशिमाची लाकडी फर्निचरची कार्यशाळा आहे. भारतीय पाहुण्यानं तिथली भेटीची वेळ आधी विचारून आवर्जून जावं. नाकाशिमा वास्तुरचनाकार. अँटोनिन रेमंड या वास्तुकाराच्या हाताखाली काम करताना १९३० च्या दशकात तो पाँडिचेरीला गेला. अरविंद आश्रमाची गोलकोंड ही इमारत उभी राहताना तो तिथं होता आणि अरविंदांनी त्याला सुंदरानंद हे नाव दिलं. पुढे युद्धात, जपानी वंशाचा म्हणून, १९४२ मध्ये अमेरिकेनं त्याला बायको आणि तान्ह्या मुलीसह आयडाहोच्या छावणीत डांबलं. तिथं एका जपानी सुताराकडून तो लाकूडकाम शिकला. रेमंडनं हमी घेतल्यावर १९४३ मध्ये तो न्यू होपला आला आणि १९९० मध्ये मरेपर्यंत इथंच राहिला. अक्रोडाच्या फळीची मूळ कड तो तासत नसे, झाडाची वळणं टेबलाला तशीच ठेवी. फळीला भेग असेल तर ती लपवायची नाही, फुलपाखराच्या आकाराची लाकडी चकती भेगेवर आडवी बसवून ती पुढे जायची थांबवायची. १९६० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्यानं फर्निचर केलं. या परिसराला २०१४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

लेव्हिटटाउन मात्र अजून कुणी वाचवायला घेतलेलं दिसत नाही. काउंटीचं आजचं रूप ज्यानं घडवलं, ते हे गाव. १९५२ ते १९५८ मध्ये भाजीपाल्याच्या शेतांवर १७,३११ घरं उभी राहिली. १९५० मध्ये काउंटीची लोकसंख्या दीड लाखाच्या आत होती, १९६० मध्ये ती तीन लाखांवर गेली. कारखान्यातल्या कामगाराला दहा हजार डॉलरच्या आसपास स्वतःचं घर मिळालं, पण फक्त गोऱ्या. १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं मुलांसह डॉगवुड हॉलोमधल्या डीपग्रीन लेनवर राहायला आलं. घरासमोर जमाव जमला, दगडांनी काचा फुटल्या, राज्याच्या पोलिसांना यावं लागलं. कुटुंब हललं नाही. काही शेजारी आणि क्वेकर मंडळी त्यांच्या बाजूनं उभी राहिली.

मी पाहुण्यांना गाडीतून तिथं नेतो. भागाच्या नावाचं पहिलं अक्षर तेच त्यातल्या रस्त्यांच्या नावांचं, त्यामुळे डॉगवुड हॉलोत सगळे रस्ते ‘ड’चे. वाढवलेल्या खोल्या, बदललेली छपरं, अंगणात ट्रॅम्पोलीन. मूळ आकाराचं घर शोधावं लागतं आणि दर वर्षी ते आणखी अवघड होत जातं. १९५२ चं स्वयंपाकघर आणि लहान दिवाणखाना तसाच ठेवलेलं एक घर काउंटीनं विकत घ्यावं, आणि त्यात मायर्स कुटुंबाची गोष्ट सांगावी. मर्सरनं भंगारातून चरखे उचलले, त्याच्या मानानं हे सोपं काम आहे, आणि ती घरं अजून उभी आहेत.