झुबिन मेहता : तरुण वाद्यवृंद-संचालकाची वाटचाल

वाद्यवृंदाचा संचालक मैफलीत स्वतः वाद्य वाजवत नाही. शंभरेक वादकांची लय, गती आणि नादाचा तोल तो हातांच्या इशाऱ्यांनी सांभाळतो. या कलेत जगभर नावाजलेले झुबिन मेहता २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत जन्मले. व्हायोलिनवादक वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. वैद्यकीय शिक्षण सोडून झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले. तिथे ते डबल बास वाजवायला आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकले. १९५८ मध्ये त्यांनी लिव्हरपूलची संचालन स्पर्धा जिंकली. पंचविशीतच त्यांनी व्हिएन्ना, बर्लिन आणि इस्रायल फिलहार्मोनिकचे संचालन केले. १९६२ ते १९७८ लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकची धुरा त्यांच्याकडे होती.